अठरा वर्षांनंतरचे हृदय

आर्वीला बाजाराच्या दिवशी दवाखान्यात गर्दी जरा जास्त असते. आसपासच्या खेड्यांतून आलेली माणसे किराणा आणि बी-बियाण्याबरोबर आपले दुखणेही त्याच फेरीत उरकून घेतात. २०१७ च्या पावसाळ्यात अशाच एका दिवशी चोवीस वर्षांचा एक शेतकरी तरुण समोर येऊन बसला. छातीत मधूनच फडफड होते, एवढीच त्याची तक्रार होती. शर्ट काढायला सांगितला, तर छातीच्या मधोमध गळ्याखालून पोटापर्यंत जुन्या शस्त्रक्रियेचा वण.

"आपरेशन तं लहानपणीच झालं जी, मुंबईले. मी पाच वर्साचा होतो. तवापासून काई तरास नाई."

"कागद आहेत का?"

"होते जी. टिनाचं छत उडालं त्या साली समदे वल्ले झाले."

स्टेथोस्कोप लावला. ठोक्यांबरोबर एक खरखर ऐकू येत होती. कार्डिओग्राम काढला. लहरी रुंद होत्या. हृदयाच्या जुन्या शस्त्रक्रियेनंतर अशा लहरी दिसतातच, असे मी मनाशी म्हटले, आणि ते खोटेही नव्हते. ठोके शांत करणारी एक गोळी लिहून दिली, तंबाखू सोडायला सांगितले आणि पुढच्या रुग्णाला आत बोलावले. सात महिन्यांनी हरभरा सोंगताना तो शेतात कोसळला. काही क्षणांनी आपोआप शुद्धीवर आला म्हणून वाचला. त्याची आई त्याला घेऊन पुन्हा माझ्याकडेच आली. माझ्यावरचा तिचा तो विश्वास मला त्या दिवशी फार जड गेला.

मी फिजिशियन आहे, हृदयविकारतज्ज्ञ नाही. वर्धा जिल्ह्याच्या या टोकाला पस्तीसएक वर्षे वैद्यकी करतो आहे. त्या तरुणाच्या कार्डिओग्रामवर काय लिहिलेले होते आणि ते मला का वाचता आले नाही, याचा शोध त्यानंतर मी घेत राहिलो. त्या शोधातून जे हाती आले ते या लेखात मांडतो आहे. थोडक्यात सांगायचे तर असे : जन्मजात सदोष हृदयाची दुरुस्ती होते, पण ते हृदय दुरुस्तीनंतरही आयुष्यभर लक्ष मागते. पुढच्या दुरुस्त्या आता बऱ्याचदा छाती न उघडता, मांडीच्या शिरेतून नळी घालून करता येतात. मात्र त्या वेळेवर व्हायच्या, तर तो माणूस कोणाच्या तरी नजरेत असायला हवा. आपल्याकडे नेमके तिथेच अडते.

निळी मुले मोठी झाली

जिवंत जन्मणाऱ्या दर हजार बाळांपैकी साधारण आठ ते नऊ बाळांच्या हृदयाच्या रचनेत काही ना काही दोष असतो. भारतात दरवर्षी अशी दोन लाखांहून अधिक बाळे जन्मतात, असा अंदाज आहे. त्यांतले काही दोष किरकोळ असतात आणि आपसूक बरे होतात. काही इतके गुंतागुंतीचे असतात की उपचार न मिळाल्यास मूल शाळेच्या वयापर्यंतही पोचत नाही.

निरोगी हृदय चार खोल्यांच्या घरासारखे असते. वर दोन अलिंद, खाली दोन निलय. उजवीकडच्या खोल्यांत शरीरातून परतलेले, प्राणवायू संपलेले रक्त येते आणि फुप्फुसांकडे जाते. डावीकडच्या खोल्यांत फुप्फुसांतून ताजे रक्त येते आणि शरीरभर जाते. मधली भिंत सलग असते आणि झडपा रक्ताला एकाच दिशेने जाऊ देतात. गर्भात हे घर बांधले जाताना, पहिल्या आठ-एक आठवड्यांतच, कुठे भिंत अपुरी राहते, कुठे दार अरुंद होते, तर कधी नळांची जोडणीच उलटी होते.

माझ्या रुग्णाला जो दोष होता त्याला 'टेट्रालॉजी ऑफ फॅलो' म्हणतात. मार्सेयच्या एतियेन फॅलो यांनी १८८८ साली त्याचे नीट वर्णन केले. यात दोन निलयांमधल्या भिंतीला मोठे छिद्र असते आणि फुप्फुसाकडे जाणारी वाट अरुंद असते. महारोहिणी छिद्राच्या वर सरकलेली असते आणि उजव्या निलयाची भिंत जाड झालेली असते. फुप्फुसाकडची वाट अडल्यामुळे अशुद्ध रक्त छिद्रातून सरळ शरीरात शिरते आणि मूल निळे पडते. आपल्याकडच्या आया हे अचूक सांगतात : रडला की ओठ जांभळे होतात, खेळता खेळता उकिडवा बसतो. उकिडवे बसण्याने मुलाला खरोखरच बरे वाटते. पायांकडचा रक्ताचा ओघ अडतो, शरीरातला दाब वाढतो आणि थोडे अधिक रक्त फुप्फुसाकडे वळते. हा उपाय मुलाला कोणी शिकवलेला नसतो.

२९ नोव्हेंबर १९४४ रोजी अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात अशा एका बाळाच्या हाताकडे जाणारी रोहिणी फुप्फुसाच्या रोहिणीला जोडण्यात आली. कल्पना डॉ. हेलन टॉसिग यांची आणि सुरी डॉ. आल्फ्रेड ब्लॅलॉक यांची. ही जोडणी प्रयोगशाळेत बसवून दाखवणारे हात मात्र व्हिव्हियन थॉमस या कृष्णवर्णीय तंत्रज्ञाचे होते. १९५४ मध्ये मिनेसोटात डॉ. वॉल्टन लिलेहाय यांनी हृदय उघडून हा दोष पूर्ण दुरुस्त केला. पुढच्या काही दशकांत ही शस्त्रक्रिया जगभर पसरली, मुंबईतही रुळली. प्रगत देशांत आज जन्मजात हृदयदोष असलेल्या मुलांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक मुले प्रौढ होतात. तिथे या दोषांच्या रुग्णांत मुलांपेक्षा मोठी माणसेच जास्त आहेत.

हे यश पदरात पडल्यावर त्याची दुसरी बाजू दिसू लागली. फॅलोच्या शस्त्रक्रियेत अरुंद वाट रुंद करताना फुप्फुसाच्या तोंडाशी असलेली झडप बरेचदा कापावी लागते. मूल त्या वेळी वाचते आणि गुलाबी होते. झडप नसल्यामुळे मात्र दर ठोक्याला फुप्फुसाकडे गेलेले थोडे रक्त मागे उजव्या निलयात येते. हे वीस-तीस वर्षे चालू राहते. निलय हळूहळू फुगत जाते, त्याची भिंत ताणते, आणि जुन्या टाक्यांच्या वणांभोवती विजेचे वेडेवाकडे प्रवाह फिरू लागतात. त्या माणसाला यातले काहीच जाणवत नाही. तो शेत नांगरतो, लग्न करतो. एके दिवशी छातीत फडफड होते.

लंडनच्या डॉ. जेन सॉमरव्हिल यांना हे फार लवकर कळले होते. हृदयदोषासह मोठ्या झालेल्या या माणसांना ना बालरोगतज्ज्ञ आपले म्हणतात, ना मोठ्यांचे डॉक्टर ओळखतात. म्हणून १९७० च्या दशकात त्यांनी तिथे अशा किशोरांसाठी आणि प्रौढांसाठी स्वतंत्र कक्ष सुरू केला. १९९५ साली त्या आणि त्यांचे सहकारी यांनी एक निरीक्षण प्रसिद्ध केले : फॅलोची शस्त्रक्रिया झालेल्या माणसाच्या कार्डिओग्राममधील मुख्य लहरीची रुंदी १८० मिलिसेकंदांवर गेली, तर घातक अनियमित ठोक्यांचा आणि अकस्मात मृत्यूचा धोका मोठा असतो. फुगलेले निलय आणि रुंदावलेली लहर ही एकाच बिघाडाची दोन रूपे आहेत.

कार्डिओग्रामच्या कागदावरचा एक लहान चौकोन ४० मिलिसेकंदांचा असतो. म्हणजे १८० मिलिसेकंद हे साडेचार चौकोन. तो तरुण कोसळल्यानंतर मी त्याचा जुना कागद काढून चौकोन मोजले. जवळजवळ पाच भरले. निरीक्षण बावीस वर्षांपूर्वीचे होते आणि कागद माझ्याच कपाटात होता.

मांडीतून हृदयाकडे

आई पहिला प्रश्न विचारती झाली तो हा : "पुन्हा छाती फाडा लागन काय जी?"

पूर्वी उत्तर एकच होते. एकदा उघडलेल्या छातीत हृदय हाडाच्या मागच्या बाजूला चिकटलेले असते. दुसऱ्यांदा हाड कापणे पहिल्यापेक्षा जोखमीचे, तिसऱ्यांदा त्याहून जोखमीचे. नळीच्या, म्हणजे कॅथेटरच्या, उपचारांचे महत्त्व अशा रुग्णांसाठी इथे आहे. वण टळतो हा त्यातला लहान फायदा. मोठा फायदा हा की आयुष्यात हाड कापण्याच्या वेळा कमी होतात.

हृदयात नळी घालण्याचे पहिले धाडस एका पंचवीस वर्षांच्या जर्मन डॉक्टरने स्वतःवरच केले. १९२९ साली एबर्सवाल्डे या गावच्या रुग्णालयात वर्नर फोर्समान याने मूत्रमार्गासाठी वापरायची नळी आपल्या दंडाच्या शिरेतून ६५ सेंटिमीटर आत सरकवली. तशाच अवस्थेत जिना उतरून तो क्ष-किरण खोलीत गेला आणि नळीचे टोक हृदयात असल्याचा फोटो त्याने काढून घेतला. त्याचे कौतुक व्हायला उशीर लागला. १९५६ मध्ये त्याला दोन अमेरिकी डॉक्टरांबरोबर नोबेल पारितोषिक मिळाले.

बराच काळ ही नळी फक्त मोजमापासाठी होती : कुठल्या खोलीत दाब किती, कुठल्या रक्तात प्राणवायू किती. १९६६ मध्ये फिलाडेल्फियाच्या डॉ. विल्यम रॅशकिंड यांनी नळीच्या टोकावरचा फुगा ओढून निळ्या बाळांच्या अलिंदांमधली वाट मोठी केली आणि नळी उपचाराचे साधन झाली. १९७० च्या दशकाच्या मध्यात न्यू ऑर्लिन्सच्या किंग आणि मिल्स या डॉक्टरांनी भिंतीच्या दोन्ही बाजूंना उघडणाऱ्या दुहेरी छत्रीने अलिंदांमधले छिद्र बुजवले. आपल्याकडे आजही रुग्ण या उपकरणाला 'छत्री' म्हणतात. ती पहिली छत्री मात्र इतक्या जाड नळीतून न्यावी लागे की तिचा प्रसार झाला नाही.

अडचण सुटली ती एका धातूमुळे. अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेत १९६० च्या आसपास निकेल आणि टायटॅनियम यांचा एक मिश्रधातू पुढे आला. त्याला निटिनॉल म्हणतात. त्याला एकदा दिलेला आकार त्याच्या लक्षात राहतो. ओढून बारीक नळीत कोंबला तरी बाहेर पडताच तो पुन्हा मूळ रूपात येतो. मिनेसोटाचे डॉ. कुर्ट अॅम्प्लाट्झ यांनी या धातूच्या तारा विणून मध्ये बारीक कंबर असलेल्या दोन चकत्या केल्या. १९९० च्या दशकाच्या मध्यापासून त्या माणसांत वापरल्या जाऊ लागल्या. चकत्या जागेवर बसल्या की ढकलणारी तार स्क्रूसारखी फिरवून सोडवून घ्यायची. काही महिन्यांत हृदयाचेच अस्तर त्या जाळीवर वाढते आणि छत्री भिंतीचा भाग होते.

छिद्र : बुजवायचे कधी, सोडून द्यायचे कधी

अलिंदांमधले छिद्र हा प्रौढपणी सापडणारा अगदी नेहमीचा दोष. छिद्र मोठे असले तरी मूल निळे पडत नाही, कारण रक्त डावीकडून उजवीकडे, म्हणजे फुप्फुसाकडे जास्त जाते. तिशी-पस्तिशीत धाप लागू लागते. माझ्याकडे येणाऱ्या छत्तीस वर्षांच्या एका बाईंवर कितीतरी वर्षे दम्याचे उपचार चालू होते, त्यांतली शेवटची तीन वर्षे माझेच. छिद्राचा आवाज मंद असतो, आणि बायकांच्या धापेला थकवा किंवा रक्त कमी असणे असे नाव देऊन मोकळे होणे सोपे असते. त्या तरुणानंतर मी जुने रुग्ण नव्याने तपासायला घेतले, तेव्हा या बाईंचा इको करवला. छिद्र अडीच सेंटिमीटरच्या आसपास होते. नागपुरात त्यांच्या मांडीच्या शिरेतून छत्री बसवली आणि तिसऱ्या दिवशी त्या घरी आल्या. सहा महिने रक्त पातळ करणारी गोळी घेतली. दम्याचा पंप आता त्यांच्या घरात नाही.

अशा मोठ्या छिद्रात छत्री बसवताना एक पेच येतो. डावीकडची चकती भिंतीला समांतर राहण्याऐवजी आडवी होते आणि छिद्रातून उजवीकडे निसटते. यावरची एक युक्ती आपल्या मुंबईतून जगात गेली आहे. डॉ. भरत दळवी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली ती प्रसिद्ध केली. दुसऱ्या नळीतून एक फुगा नेऊन फुगवायचा आणि उजवीकडची चकती उघडेपर्यंत त्याचा टेकू डावीकडच्या चकतीला द्यायचा. कल्पना वाचायला साधी वाटते, पण तिच्यामुळे कितीतरी मोठी छिद्रे शस्त्रक्रियेविना बुजवता येऊ लागली.

प्रत्येक छिद्राला छत्री चालत नाही. तिला पकडायला भोवती भिंतीची कड लागते. झडपांना लागून असलेल्या छिद्रांना आजही शस्त्रक्रियाच लागते. वरच्या महाशिरेजवळच्या छिद्रांसाठी आच्छादित स्टेंटचा मार्ग काही केंद्रांनी अवलंबला आहे. त्यात चेन्नईच्या मद्रास मेडिकल मिशनमधले डॉ. के. शिवकुमार यांचे काम मोठे आहे.

आणि काही छिद्रे बुजवायचीच नसतात. निलयांमधले मोठे छिद्र लहानपणी राहून गेले, तर फुप्फुसांच्या रोहिण्या वर्षानुवर्षे जादा दाब सोसून कठीण होतात. शेवटी फुप्फुसाकडचा दाब शरीराइतका किंवा त्याहून जास्त होतो आणि रक्ताची दिशाच फिरते. गुलाबी असलेला माणूस निळा पडू लागतो, बोटांची टोके फुगीर होतात. याला आयझेनमेंगरची अवस्था म्हणतात. इथे ते छिद्र म्हणजे कोंडलेल्या दाबाची सुटकेची वाट असते. ती बंद केली तर उजवे निलय निकामी होऊन माणूस जातो. म्हणून छत्री हातात घेण्यापूर्वी नळीने दाब मोजायचा आणि बुजवणे परवडेल की नाही हे ठरवायचे. ते 'नाही' म्हणता येणे हाही नळीच्या उपचाराचाच भाग आहे.

अशी एक मुलगी मी पाहिली आहे. लग्न जमताना माहेरच्यांनी छिद्राची गोष्ट सांगितली नव्हती. सांगितली असती तर लग्न झाले नसते, हे त्यांचे म्हणणे मला खोडता येत नाही. पाचव्या महिन्यात सासू तिला घेऊन आली तेव्हा तिची नखे निळी होती. या अवस्थेत गर्भारपण आईच्या जिवावर बेतते, म्हणून ते टाळायलाच सांगतात. तिला ते कोणी कधी सांगितलेच नव्हते. मी तिला तातडीने पुढे पाठवले. ती परत आली नाही.

बाहेरून आणलेली झडप

आता त्या तरुणाकडे येतो. त्याला मुंबईला पाठवले तेव्हा एमआरआयमध्ये उजवे निलय खूपच फुगलेले दिसले. त्याला नवी झडप हवी होती. त्याआधी ठोक्यांचा बंदोबस्त करायला हवा होता. झडप आणि तिचा धातूचा सांगाडा एकदा बसला की त्याखालच्या भागापर्यंत पोचणे अवघड होते. म्हणून आधी एका वेगळ्या नळीने जुन्या वणांजवळची, वीज भरकटवणारी जागा शोधून उष्णतेने निकामी करण्यात आली.

फुप्फुसाच्या तोंडाशी नळीतून झडप बसवण्याचा पहिला प्रयोग २००० साली पॅरिसमध्ये डॉ. फिलिप बोनहॉफर यांनी बारा वर्षांच्या एका मुलावर केला. गाईच्या गळ्यातल्या शिरेत नैसर्गिक झडप असते. ती त्यांनी धातूच्या जाळीत शिवली, फुग्यावर दाबून बारीक केली आणि मांडीतून वर नेली. त्यानंतर दोनच वर्षांनी फ्रान्समध्येच डॉ. आलाँ क्रिबिए यांनी वृद्धांची महारोहिणीची झडप अशीच बदलली. त्या उपचाराचे नाव आज वर्तमानपत्रांतून सगळ्यांच्या कानावर असते. मूळ वाट मात्र जन्मजात दोषाच्या एका मुलाने उघडून दिली होती.

त्या दिवशी तिथल्या डॉक्टरांनी मला काचेपलीकडच्या खोलीत उभे राहू दिले. रुग्णाला भूल दिलेली होती. मांडीच्या शिरेतून गेलेली तार पडद्यावर हृदयातून वळण घेत फुप्फुसाच्या रोहिणीत शिरताना दिसत होती. मग जे पाहिले त्याने माझा श्वास अडला. झडपेच्या जागी आधी नुसता फुगा फुगवला आणि तो फुगलेला असतानाच दुसऱ्या नळीने हृदयाच्या स्वतःच्या रोहिण्यांत औषध सोडून चित्र घेतले. या रोहिण्या त्या जागेच्या अगदी शेजारून जातात. कठीण सांगाड्याने एखादी दाबली गेली, तर तिथल्या तिथे हृदयविकाराचा झटका यायचा. दाबली जात असेल, तर झडप न बसवता परत फिरायचे. त्याची रोहिणी मोकळी राहिली. आधी एक धातूची जाळी आणि तिच्यात झडप. फुगा फुगला, उतरला, आणि पडद्यावर मागे वाहणारे रक्त थांबले.

फॅलोच्या शस्त्रक्रियेनंतर ही वाट कित्येकांत इतकी रुंद आणि वेडीवाकडी झालेली असते की फुग्यावरची झडप तिथे टिकत नाही. अशांसाठी आपोआप उघडणाऱ्या मोठ्या सांगाड्याच्या झडपा गेल्या काही वर्षांत आल्या आहेत. आपल्या शेजारी, गुजरातेत वापीला तयार होणारी 'मायव्हाल' ही झडप मुळात वृद्धांच्या महारोहिणीसाठी केलेली. मोठ्या मापांतही मिळत असल्यामुळे ती फुप्फुसाच्या तोंडाशीही वापरली गेली आहे.

या झडपा कायमच्या नाहीत. काही वर्षांनी त्या कडक होतात. पण जुन्या झडपेत दुसरी झडप पुन्हा नळीनेच बसवता येते. मोठा शत्रू आहे तो जंतुसंसर्ग. दातांच्या कीडीतून आणि सुजलेल्या हिरड्यांतून जंतू रक्तात येतात आणि झडपेवर घर करतात. त्या तरुणाने तंबाखू सोडली ती हृदयासाठी म्हणून, पण त्याच्या तोंडाने त्याच्या झडपेवर जास्त मोठा उपकार केला आहे.

ज्वारीची पायली आणि अठराव्या वर्षाची रेघ

मी सेवाग्रामला शिकलो. डॉ. सुशीला नायर यांनी १९६९ मध्ये सुरू केलेले ते देशातले पहिले ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय. प्रत्येक तुकडीला एक गाव दत्तक मिळे. आमच्या दिवसांत डॉ. उल्हास जाजू यांची एक योजना तिथे चालू होती : सुगीला गावकऱ्यांनी आपापल्या ऐपतीप्रमाणे ज्वारी द्यायची आणि त्या बदल्यात आजारपणात कस्तुरबा रुग्णालयाचा आधार घ्यायचा. जास्त जमीनवाला जास्त ज्वारी देई, मजूर कमी. तेव्हा मला तो विमा वाटे. आता वाटते, गावातला प्रत्येक माणूस कुठल्या तरी वहीत नोंदलेला असणे हे त्या योजनेचे खरे बळ होते.

आज पैशाची बाजू तेव्हापेक्षा खूप सुधारली आहे. ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघरला सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात पथके अंगणवाड्या आणि शाळांमध्ये जाऊन मुले तपासतात, हृदयाचा दोष आढळला तर उपचारापर्यंत नेतात. राज्याची महात्मा फुले जनआरोग्य योजना कितीतरी शस्त्रक्रियांचा खर्च उचलते. रेल्वेने एका रात्रीच्या अंतरावर, नवा रायपूरला, सत्यसाई संजीवनी रुग्णालयात मुलांच्या हृदयावर एक पैसाही न घेता उपचार होतात. माझ्या रुग्णाच्या बापाने १९९८ साली बैलजोडी विकली होती आणि गावाने वर्गणी काढली होती. आज तसे करावे लागण्याचा प्रसंग पुष्कळ कमी झाला आहे.

पण बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची रेघ अठराव्या वर्षावर आहे. तिथपर्यंत मूल शाळेच्या पटावर असते, म्हणून पथकाला सापडते. त्यानंतर कोणी पुण्याला कंपनीत जातो, कोणी लग्न होऊन दुसऱ्या तालुक्यात जाते, आणि नाव पुसले जाते. या हृदयांना दुसऱ्या दुरुस्तीची गरज बरेचदा पडते ती विशी आणि चाळिशीच्या दरम्यान. म्हणजे जिथे आपली नजर संपते तिथून हृदयाचा दुसरा अध्याय सुरू होतो. शिवाय नळीतून बसणारी झडप महाग आहे, आणि तिच्यासाठी कुटुंबाला ट्रस्टचे नाहीतर मुख्यमंत्री सहाय्यता निधीचे दार ठोठवावे लागते. आधी कळले तर त्याला सवड मिळते. कोसळल्यावर मिळत नाही.

या लेखाच्या वाचकांच्या घरात, नात्यात, शेजारात छातीवर असा वण असलेले कोणी असेलच. त्यांच्यासाठी थोडे सांगतो. शस्त्रक्रियेचा कागद, म्हणजे काय दोष होता आणि काय केले याचा, जमिनीच्या सातबाऱ्याइतका जपावा. मोबाइलमध्ये त्याचा फोटो ठेवावा आणि मूळ कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालावा. काही त्रास नसला तरी वर्षातून एकदा कार्डिओग्राम आणि इको करून घ्यावा आणि जुना कार्डिओग्राम नव्याशेजारी ठेवून पाहायला सांगावे. दात सांभाळावेत. मुलगी असेल तर लग्नाआधी, निदान दिवस राहण्याआधी, तिला तज्ज्ञाकडे न्यावे. बहुतेकींचे बाळंतपण नीट होते. ज्यांचे होणार नाही, त्यांना ते आधी कळण्याचा हक्क आहे. आणि कोविडपासून गावोगावी पोचलेला बोटाचा ऑक्सिमीटर कपाटात पडला असेल, तर तो काढून एकदा लावून पाहावा.

माझ्याकडे आता एक वही आहे. आर्वी, आष्टी आणि कारंजा तालुक्यांतल्या, लहानपणी हृदयाची शस्त्रक्रिया झालेल्या ज्या मुलामुलींची नावे मिळाली, ती तिच्यात लिहिली आहेत. आशाताई, शाळेचे मास्तर, जुने रुग्ण यांच्याकडून ती गोळा झाली. ज्याचे अठरावे वर्ष सरते त्याला मी फोन करतो. तो तरुण दर पावसाळ्याआधी पिशवी घेऊन येतो, कार्डिओग्राम काढून घेतो आणि चौकोन स्वतः मोजतो. मागच्या खेपेला तो आपल्या गावची दोन नावे घेऊन आला होता, वहीत लिहून घ्या म्हणून. त्यांतली एक मुलगी सापडली. दुसरा मुलगा कामाला म्हणून कुठेतरी गेला आहे, त्याचा नंबर बंद लागतो. त्याच्या नावापुढची जागा मी मोकळी ठेवली आहे.